मूळ खरेदीदार

उन्हाळा चढला की आमच्या घरातली लाकडं बोलायला लागतात. पाडवा होऊन पंधरा दिवस गेले की सुरुवात माडीच्या दरवाजापासून होते. पावसाळ्यात जो खांदा लावल्याशिवाय लागत नाही, तो आता चौकटीत सैल होऊन वाऱ्याशिवायच हलतो. मग बाज कुरकुरते, मग कपाट. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं, पत्रे तापून टणटण करतात आणि घरभर कुणीतरी दबक्या पावलांनी फिरतंय असं वाटत राहतं. माझा सगळा जन्म या मुरुम गावात गेला, मला या आवाजांची सवय आहे. तरी परवा यंदा पहिल्यांदा दरवाजा हलला आणि माझा घास हातातच राहिला. समोर अव्वा बसली होती. तिनं आमटीची वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "लागलं बघ ऊन."

अव्वा म्हणजे माझी आई. कानडी मुलूख इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आमच्याकडं आई ही अव्वा आणि थोरला भाऊ हा अण्णा. मी थोरला, मल्लिनाथ. बाजारपेठेत माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. धाकटा बसवराज. त्याला सगळे बसू म्हणायचे. नळदुर्गच्या अलीकडं, थंडीच्या दिवसांत, मोटारसायकलवरून येताना ट्रकनं त्याला उडवलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. त्या थंडीतलं मला फारसं आठवत नाही, आठवायचंही नाही. डोक्यात ठाण मांडून बसलाय तो त्याच्या पुढचा उन्हाळा. दर वर्षी ऊन लागलं की तो परत सुरू होतो.

बसू पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. घरून काम करायची मुभा मिळाली तसा तो बोऱ्याबिस्तर घेऊन मुरुमला आला, माडीवर टेबल टाकून बसला. सामानात एक काळी, टणक पेटी होती. आत निळी मखमल आणि मखमलीत गिटार. परदेशात बनलेली, पुण्याच्या एका एजन्सीनं मागवून दिलेली. किंमत ऐकून अव्वानं आधी देवापुढं दिवा लावला आणि मग विचारलं की ही वाजवल्यावर काय मिळतं. "काय न्हाय मिळत, अव्वा," बसू म्हणाला, "नुसतं बरं वाटतं." अव्वाला ते पटलं. मला पटलं नव्हतं. तेवढ्यात आमच्या दुकानाचं छत झालं असतं, असं मी त्याला ऐकवलंही होतं. माणूस जिवंत असतो तेव्हा आपण त्याला काय वाट्टेल ते ऐकवतो.

गिटार दिसायला देखणी होती, पण तिच्यात पहिल्या महिन्यापासून खोट होती. पाचव्या तारेवर एका ठिकाणी बोट ठेवलं की सूर यायच्या ऐवजी आत कुठंतरी घरघर व्हायची, घसा बसलेल्या माणसाला बोलायला लावावं तशी. बसूनं एजन्सीला कळवलं. त्यांनी फोटो मागितले, त्यानं पाठवले. व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग त्यांनी खोलीतल्या हवेत दमटपणा किती आहे ते मोजून कळवायला सांगितलं. वैशाखात, मुरुमात! बसूनं त्यासाठी एक छोटं यंत्र मागवलं. त्या यंत्राचा काटा तळाशी जाऊन बसला तो महिनाभर उठलाच नाही. एजन्सीचं म्हणणं, लाकडाला याच्या कितीतरी पट ओल लागते. बसू खिडकीत उभा राहून फोनवर भांडायचा. भांडताना त्याचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. "म्हणजे बघा," असं म्हणून प्रत्येक वाक्य सुरू करायचा आणि मध्येच नाकातून हसायचा. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय हे पोर, जरा दणकावून बोल की.

तो गेल्यावर ती पेटी अव्वानं माडीवरून खाली आणली. आमच्या घरात सगळ्यात गार जागा म्हणजे ज्वारीची खोली. जाड भिंती, एकच झरोका, आत पोत्यांची थप्पी. अव्वा जिवापाड जपायच्या वस्तू तिथं ठेवते. लग्नातलं इरकल लुगडं, कुरडयांचे डबे, आमच्या वडिलांचा, अप्पांचा फोटो. तिथंच पोत्यांवर गोधडी अंथरून तिनं पेटी आडवी ठेवली. मी बघितलं. मला वाटलं, ठीक आहे, उन्हापासून तरी वाचेल.

चैत्रातल्या एका दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवत होतो. दुकान मी एक ते चार बंद ठेवतो, या गावात तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नसतं. आणि ज्वारीच्या खोलीतून आवाज आला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा एकच फटका, आणि त्याच्यामागून सगळ्या सहा तारा एकदम. कुणीतरी हात फिरवून घ्यावा तशा. तो सूर बराच वेळ विरत राहिला. अव्वा उठली नाही, मीही उठलो नाही. तो पूर्ण थांबल्यावर मी जाऊन पेटी उघडली. पुढच्या फिकट फळीला, तारांच्या खालून, केसाएवढा बारीक तडा गेला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा पोत्यावर पडला होता आणि पाचवी तार अजून थरथरत होती. मी तिच्यावर बोट ठेवून ती थांबवली. बोट मागे घेतलं तेव्हा माझ्या हातावर काटा उभा होता, हे मी कबूल करतो.

पेटी गाडीत घालून मी उमरग्याला नेली. तिथं बाजारात मौलाचाचा म्हणून एक म्हातारे आहेत, अख्ख्या तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या बाजाच्या पेट्या आणि वीणा तेच दुरुस्त करतात. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बोटाच्या पेरानं फळीवर ठिकठिकाणी टकटक केली, कान लावून ऐकलं. आजारी माणसाला तपासावं तसं त्यांचं चाललं होतं.

"आतली आधाराची पट्टी सुटलीय," ते म्हणाले. "ती पैल्यापासूनच नीट चिकटवलेली न्हवती, ही चूक बनवणाऱ्याची. पर हा तडा नवा हाय. कुठं ठिवली व्हती?"

"ज्वारीच्या खोलीत. गार असते म्हणून."

"ज्वारी तर पाणी वढून घेती, अण्णा. आन् हे काय?" त्यांनी मखमलीच्या कडेनं बोटं घातली आणि एक पांढरी पुडी काढली. मग दुसरी. मग काढतच राहिले. नव्या चपलांच्या खोक्यात, औषधाच्या बाटलीत येतात ना, खाऊ नका असं लिहिलेल्या बारक्या पुड्या, त्या. चाचांनी त्या सगळ्या फळकुटावर ओळीनं मांडल्या. ओळ फळकुटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मला न विचारताच कळलं. अव्वा त्या पुड्या कधी टाकून देत नाही. पापडाच्या डब्यात, डाळीत, रेशमी लुगड्यांच्या घड्यांत घालते, म्हणजे वस्तूला बुरशी लागत नाही, वस्तू टिकते. आमच्याकडं सगळ्याच बायका तसं करतात. तिनं वर्षानुवर्षं जमवलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या बसूच्या गिटारीच्या कुशीत नेऊन ठेवल्या होत्या, आणि त्या पुड्यांनी त्या लाकडातला उरलासुरला ओलावा महिनोन्महिने पिऊन टाकला होता.

"मी खोलून पट्टी चिकटवून दीन," चाचा म्हणाले, "पर पेटीतल्या ह्या कागदावर काय लिवलंय बघा. दुसऱ्या कुणी खोलली तर वॉरंटी खलास. आधी कंपनीशी भांडा. आन् घरी आईला काय बोलू नका."

मी तापट माणूस आहे. परतताना वीस वेळा मनात म्हटलं की आज बोलणार. घरी आलो तर अव्वा अंगणात कुरडया वाळत घालत होती, डोक्यावर पदर, पायाखाली भाजणारी फरशी. मी पेटी तशीच आत नेऊन ज्वारीच्या खोलीत ठेवली. संध्याकाळी तिनंच विचारलं, "पुड्या काढल्यास व्हय?"

"काढल्या."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि लसूण सोलत बसली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तिनं पापडाच्या डब्यातल्यासुद्धा सगळ्या पुड्या उकिरड्यावर टाकल्या होत्या.

बसूचा लॅपटॉप उघडला तर त्याची तक्रार तशीच चालू होती. ती कुणी बंद केली नव्हती. एजन्सीचं शेवटचं पत्र तो गेल्यानंतरच्या आठवड्यातलं होतं: प्रिय बसवराज, आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत. मी त्याच पत्राखाली उत्तर लिहिलं. तडा गेला, आतली पट्टी सुटलीय, हा तुमचा दोष. खाली नाव त्याचंच राहिलं, ते आपोआप येत होतं. ते पुसायचं माझ्या लक्षात आलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे आलं होतं. वॉरंटीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की ही हमी फक्त मूळ खरेदीदाराला लागू आहे, दुसऱ्याला देता येत नाही.

उत्तर आलं: तडा हा हवामानाचा परिणाम असून तो हमीत बसत नाही. ते वाचून मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. बी उगवलं नाही म्हणून माणसं माझ्या दुकानात मुठीत माती घेऊन उभी राहतात, आणि मी गल्ल्यामागून सांगतो, कंपनीचं म्हणणं आहे की हवामानामुळं झालं. किती वर्षं सांगतोय. समोरचा माणूस मग हातातल्या मातीकडं बघतो आणि मुकाट्यानं निघून जातो. मी जाणार नव्हतो. मी लिहिलं, पट्टीचं काय? ती कुठल्या हवामानानं सुटली? आणि बोलायला माझा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला फोन वाजला. एजन्सीतली मुलगी होती, वयानं लहान असावी, थोडी सर्दी झाल्यासारखा आवाज. "बसवराज सर बोलताय का?"

मी म्हणालो, "हो. मी बसवराज बोलतोय."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. वळून बघितलं तर दारात अव्वा उभी होती, हातात लाटणं, कोपरापर्यंत पीठ. तिच्याकडं पाठ करून मी बोलत राहिलो. पट्टी, तडा, घरघर. फोन ठेवेपर्यंत ती तिथंच होती. ठेवल्यावर ती आत गेली. मला वाटलं, आता रडेल. लाटण्याचा आवाज परत सुरू झाला.

आम्हा दोघा भावांचा आवाज सारखा होता हे लहानपणापासून सगळे सांगत. पाव्हणे फोनवर फसायचे. पण त्या उन्हाळ्यात निराळंच काहीतरी झालं. त्या मुलीशी बोलताना माझा चढा आवाज खाली यायला लागला. एकदा बोलून गेल्यावर लक्षात आलं, आपण "म्हणजे बघा" म्हणालो. हे माझं बोलणं नव्हे. मी कधी असं म्हणत नाही. पुढच्या फोनला ठरवून टाळलं, तर मध्येच नाकातून हसू आलं, तेच, बारीक. फोन ठेवून मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायची त्या दिवशी इच्छा झाली नाही.

फोन नेहमी दुपारी तीनला यायचा. आमच्या पलीकडं पिठाची गिरणी आहे. तीनच्या सुमारास वीज येते, गिरणी सुरू होते, जमीन बारीक हादरते आणि ज्वारीच्या खोलीत पाचवी तार घरघरते. सुटलेली पट्टी हादऱ्यानं वाजते, यात घाबरण्यासारखं काही नाही. शेजारच्या बायका मात्र अव्वाला सांगायला लागल्या की माणसाचं मन वस्तूत अडकून राहतं, मठातल्या स्वामींना विचारा. मी त्यांना गिरणीचं समजावून सांगायचो. मग एके दिवशी गिरणीवाला सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेला, गिरणीला कुलूप. तीन वाजता फोन आला, मी बोलत होतो, आणि आतून ती तार वाजली. नेहमीपेक्षा स्वच्छ. मी बोलायचा थांबलो.

"सर," ती मुलगी म्हणाली, "आत्ता वाजली ना?"

"तुम्हाला ऐकू आली?"

"हो. कुणी हात नव्हता लावला?"

"घरात कुणी नाही लावणारं."

पलीकडं कीबोर्डवर टकटक झाली. मग ती म्हणाली, "तुम्ही मागच्या वर्षीही सांगितलं होतं सर. इथं नोंद आहे. ग्राहकाचं म्हणणं, दुपारी तीन वाजता गिटार आपोआप वाजते." मग तिनं विचारलं, "सर, तुम्हाला बरं नाही का? मागच्या वर्षीपेक्षा आवाज जरा जड वाटतो."

मी म्हणालो, उन्हानं घसा बसलाय.

फोन ठेवल्यावर मी हिशेब लावला. म्हणजे बसू जिवंत होता, माडीवर बसून काम करत होता, तेव्हाही ही आपोआप वाजत होती. मला सुटल्यासारखं वाटलं. अव्वाला सांगायलाच हवं होतं. बायकांनी तिच्या डोक्यात काय काय भरवलं असेल कुणाला ठाऊक, ती रोज तीन वाजता दाराशी येऊन उभी राहते ती त्याच आशेनं, असं मी धरून चाललो होतो. मी तिला सगळं समजावून सांगितलं. बसू असतानाही वाजायची, अव्वा. हा दोष आहे. बाकी काही नाही.

"मला ठाव हाय," अव्वा म्हणाली. "तो हाक मारायचा की मला. अव्वा, ये बघ, कोण वाजवतंय म्हणायचा. किती येळा ऐकवलं त्यानं."

"मग तू रोज दाराशी कशाला उभी राहतीस?"

ती लाकडी पाटावर बसली. हातावरचं वाळलेलं पीठ नखानं काढत राहिली. "तू फोनवर बोलतोस न्हाय का, त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मल्लू, त्याचं तोंड दिसतंय मला. डोळं मिटलं की दिसतंय. पर आवाज इसराय लागलेय मी. कसा बोलायचा ते आठवंना गेलंय. तू मी बसवराज म्हणतोस ना, तवा जरा येतो. मग पुन्यांदा जातो."

मला तिच्याकडं बघवेना. बसूचा फोन त्या ट्रकखाली चुरा झाला होता. त्याचे गिटारचे व्हिडिओ होते बरेच, पण सगळ्यांत नुसते हात, तो कधी बोलायचाच नाही. माझ्या फोनात त्याचे चार-पाच बोललेले निरोप होते, अण्णा येताना दूध आण, अण्णा किल्ली कुठंय, असले. तो गेल्यानंतर महिन्याभरात मी नवा फोन घेतला आणि जुना दुकानदाराला देऊन टाकला. त्या निरोपांची मला तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही. हे मी अव्वाला आजपर्यंत सांगितलेलं नाही, इथंच पहिल्यांदा लिहितोय.

त्यानंतर मी उगाचच फोन करायला लागलो. दर एक-दोन दिवसांनी काहीतरी काढायचं. तडा वाढलाय. मान वाकलीय. खरं म्हणजे गिटारीचं मला काही पडलेलं नव्हतं. अव्वा पाट घेऊन दाराशी बसायची आणि मी त्याच्या आवाजात भांडायचो. चांगला भांडायचो. कधी कधी ती डोळे मिटून ओठांत पुटपुटायची, आणि मला मागे वळून बघायची भीती वाटायची, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. वैशाख संपता संपता एजन्सीचं पत्र आलं. आपली तक्रार मान्य करण्यात येत आहे, नवीन गिटार देण्यात येईल. फक्त मूळ खरेदीदारानं व्हिडिओ कॉलवर येऊन, ओळखपत्र हातात धरून, एकदा खात्री करून द्यावी.

आवाज देता आला, चेहरा कुठून द्यायचा? मी ते पत्र तीनदा वाचलं. मग वाटलं, बरं झालं. हे थांबायलाच हवं होतं. घरात मेलेल्या माणसाला रोज फोनवर बोलायला लावणं चांगलं नव्हे. मी ठरवून, तीन वाजता, अव्वासमोर फोन लावला.

"बसवराज सर?"

"नाही," मी म्हणालो. माझाच आवाज आला, मोठा आणि खरखरीत. "बसवराज माझा धाकटा भाऊ. तो थंडीत अपघातात गेला. इतके दिवस मीच बोलत होतो. चुकलं माझं."

पलीकडं कीबोर्डची टकटक थांबली. अव्वा पाटावर बसल्या जागी हलली नाही. मुलगी हळूच म्हणाली, "सॉरी सर. मग... हमी संपते सर. मूळ खरेदीदारापुरतीच असते."

"माहीत आहे. बंद करून टाका."

"हो." पुन्हा टकटक झाली. मग ती थांबली आणि नोकरीतला आवाज सोडून म्हणाली, "म्हणजे मागच्या वर्षी जे बोलायचे ते खरे ते होते. मला वाटायचंच. चार कॉल आहेत त्यांचे इथं. एक तर एकवीस मिनिटांचा आहे."

मी उभा होतो, तो खाली बसलो. "आहेत म्हणजे?"

"रेकॉर्डिंग, सर. सगळ्या कॉलचं होतं."

"त्याचा आवाज आहे तुमच्याकडं?"

"हो."

"मला द्या," मी म्हणालो. "बाई, मला गिटार नको, काही नको. ते एकवीस मिनिटांचं द्या. माझ्या आईला—" 

"नाही देता येत सर. ग्राहकानं स्वतः मागितलं तरच देतात. फोनवर नाव सांगून मागायचं, मग त्यांच्या ईमेलवर जातं." तिचा आवाज बारीक झाला. "सर, पाच मिनिटं आधी मागितलं असतंत तर..."

मी फोन कानाला लावून बसलो. इतके दिवस खोटं बोललो आणि ज्या दिवशी खऱ्याची गरज नव्हती त्या दिवशी खरं बोललो. मला स्वतःचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. अव्वा उठून जवळ आली. दुपारच्या शांततेत फोनमधलं बोलणंही तिला सगळं ऐकू गेलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "परत सांग तिला."

"काय सांगू, अव्वा? आत्ताच तर सांगितलं."

"परत सांग. मी बसवराज बोलतोय म्हण."

 आवाज खाली आणण्याची गरजच पडली नाही, तो आपणच खाली गेलेला होता. "मी बसवराज बोलतोय," मी म्हणालो. "मला माझं रेकॉर्डिंग पाहिजे."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बोला, बसवराज सर," ती म्हणाली. "मी तुमची विनंती नोंदवून घेते."

चौथ्या दिवशी बसूच्या लॅपटॉपवर ते आलं. त्यानंतर त्या मुलीचा फोन कधी आला नाही, तिला त्याचा काही त्रास झाला का हेही मला कळलं नाही. गिटार माडीवर आहे, तडा तसाच आहे, मौलाचाचांनी पट्टी चिकटवून देतो म्हटलं तरी मी नेली नाही. यंदाही दुपारी ती वाजते.

रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी त्याच दिवशी लावलं. सुरुवातीला नुसती खरखर, मग तो. म्हणजे बघा. पट्टी, घरघर, दमटपणा मोजायचं यंत्र. अव्वा पदर तोंडात धरून ऐकत होती, मी भिंतीकडं बघत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की माझी नक्कल किती खोटी होती. त्याचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी कोवळा होता. दहाव्या मिनिटाला मागून, लांबून, जिन्याच्या खालून एका बाईची हाक आली. बसू, ताट वाढलंय. ती अव्वाचीच हाक होती. त्यानं त्या मुलीला म्हटलं, एक मिनिट हां. आणि फोनपासून तोंड बाजूला करून, मोठ्यानं, हसत म्हणाला, "आलो, अव्वा."

अव्वानं हात पुढं करून ते थांबवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "पुढचं ऱ्हाऊ दे."

आता रोज दुपारी ती तिथपर्यंत ऐकते आणि तिथंच थांबवते. त्याच्यापुढं अजून अकरा मिनिटं तो बोलतोय. ती आम्ही अजून ऐकलेली नाहीत.